नांगरल्याचा पुरावा

पाटी लागली त्या सकाळी ताई ओढ्याच्या काठावर उभी होती. पलीकडच्या काठावर शेजाऱ्याने दोन लोखंडी खांब रोवून हिरवी पाटी चढवली होती: ‘निसर्गरक्षक शेतकरी. या काठाचे संवर्धन शासनाच्या साहाय्याने.’ खाली एक पान काढलेले. पाटी एवढी मोठी, की तिच्या सावलीत दोन गाई आरामात बसल्या असत्या. ताईने ती वाचली, चष्मा पदराला पुसला, परत वाचली, आणि मग तिच्या तोंडून जो शब्द गेला तो इथे लिहिता येण्यासारखा नाही. देवाने तो ऐकला असेल. पण शेतकऱ्यांचे बोलणे त्याला काही नवे नाही.

आता एवढा राग कशाचा, असे कोणी विचारील. पाटी शेजाऱ्याची, खांब शेजाऱ्याचे, बाईच्या पोटात का दुखावे? तर त्यासाठी आधी हा काठ समजला पाहिजे.

ताई आणि तिचा धाकटा भाऊ यांची जमीन एकत्र. ताई बासष्टची, लग्न न केलेली. तिचे लग्न वाफ्यांशीच लागले आणि सासरही तेच, असे लोक म्हणत आणि तीही हसून घेई. जमीन उतरत उतरत ओढ्याला जाऊन मिळते, आणि शेवटची चाळीस पावले रुंदीची पट्टी कधी नांगरलेली नाही. वडिलांनी नाही, त्यांच्या वडिलांनी नाही. त्यामागे काही मोठे तत्त्वज्ञान नव्हते. ओढा फुगला की माती खातो, आणि गवताची मुळे तिला धरून ठेवतात. वडील म्हणत, आपण ओढ्याला चाळीस पावलं दिली म्हणून तो बाकीचं आपल्याला ठेवतो. ज्याने सगळं मागितलं त्याचं सगळं गेलं.

त्या गवतात चंडोल घरटी करतात. चंडोल म्हणजे मातीच्या रंगाचा, मुठीएवढा पक्षी. गातो आभाळात आणि अंडी घालतो जमिनीवर, अगदी तुमच्या पायाखाली. गवत कापायची वेळ आणि त्यांची अंडी उबवायची वेळ नेमकी एक. म्हणून कापणीच्या आदल्या दिवशी या घरात दोर फिरवतात. सुती दोर, वीतवीतभर अंतरावर चिंध्या बांधलेला. दोन टोकांना दोन माणसे धरतात आणि दोर गवताच्या शेंड्यांवरून ओढत सावकाश चालतात. अंड्यांवर बसलेली मादी शेवटच्या क्षणापर्यंत हलत नाही. चिंधी डोक्यावरून गेली की मगच उडते. ती उडाली त्या जागेपासून एका पावलावर सोललेली पांढरी काठी रोवायची. दुसऱ्या दिवशी कापणीचे यंत्र काठीला वळसा घालून जाते आणि तिथे चादरीएवढे गवत उभे राहते. वडिलांनी याला संवर्धन कधी म्हटले नाही. हा शब्दच त्यांना ठाऊक नव्हता. ते म्हणत, चला, दोर फिरवू.

लहानपणापासून दोराचे एक टोक ताईचे आणि दुसरे धाकट्याचे. चार वर्षांपूर्वी धाकट्याच्या गुडघ्याने दगा दिला, तेव्हापासून ताई दुसरे टोक खुंटीला बांधते आणि एकटीच गोल गोल फिरते. एका सकाळचे काम तीन सकाळी चालते. धाकटा तेव्हा अंगणात काहीतरी ठोकत बसतो आणि तिकडे बघत नाही.

शेजाऱ्याचा काठही असाच होता. खरे तर जास्त चांगला. त्याच्याकडे झुडपेही होती. तीन वर्षांपूर्वी त्याने भाड्याने मोठा ट्रॅक्टर आणला आणि एका दिवसात सगळे उलथून टाकले. दोन वर्षे तिथे पीक काढले. ती दोन वर्षे ओढा चहासारखा वाहत होता. मग शासनाची योजना आली: ओढ्याकाठची नांगरट बंद करून जो गवत लावील त्याला एकरामागे दहा वर्षे अनुदान. शेजाऱ्याने पिशवीतले बी फेकले. कोवळ्या पोराला मिसरूड फुटावी तसे विरळ गवत आले. अनुदान मंजूर झाले, पेपरात फोटो आला, आणि आता ही पाटी. त्या दिवसापासून ताईने त्याचे नावच पाटीवाला ठेवले.

पण पाटीवाल्याचा राग हा काही मोठा राग नव्हे. तो शेजाराचा राग, शेजारापुरता. मोठा राग पुढे आहे.

ताईला वाटले, ज्याने काठ मोडून परत लावला त्याला एवढे मिळते, तर ज्यांनी तो मोडलाच नाही त्यांना काहीतरी मिळत असेलच की. साधा हिशेब. तिने जमिनीचे कागद, काठाचे फोटो आणि वडिलांच्या हातचा जुना नकाशा एका फाइलीत घातला आणि बसने तालुक्याच्या कचेरीत गेली. कचेरीत दोन पंखे होते, त्यातला एक चालू, आणि तो कर्मचाऱ्यांच्या बाजूला. खिडकीवरची बाई वयाने ताईपेक्षा बरीच लहान, बोलायला गोड. तिने नाव विचारले, गट नंबर विचारला, क्षेत्र विचारले, सगळे यंत्रात भरले. मग तिने विचारले, शेवटचं कधी नांगरलंत?

“कधीच नाही,” ताई म्हणाली. जरा अभिमानानेच म्हणाली.

बाईची बोटे थांबली. यंत्रात ‘कधीच नाही’ बसत नव्हते. वर्ष टाकावे लागत होते, आणि तेही गेल्या तीन वर्षांतले. बाईने दोनदा प्रयत्न केला, मग शेजारच्या टेबलावरच्या माणसाला विचारले. तो मान न उचलता म्हणाला, बसत नाही. बाई ताईकडे वळली आणि तिने समजूत घातली, मनापासून घातली, तिच्या बोलण्यात खोट नव्हती. तीच तर चीड आणणारी गोष्ट.

“ताई, तुमचा काठ वाचलेलाच आहे हो. जे वाचलेलं आहे ते वाचवायला शासन पैसे कसे देणार?”

“आणि मी उद्या नांगर घातला तर?”

बाईने इकडे तिकडे पाहिले आणि आवाज उतरवला. नांगरल्याचा एक फोटो लागतो, म्हणाली, तारखेसह. या महिन्याच्या आत काढलात तर याच वर्षी बसाल. मग आमच्या यादीतलं बी टाकायचं, झालं. बरेच जण तसं करतात.

ताईने वळून पाहिले. मागे रांगेत सहा माणसे होती. त्या सहाही माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, “चोर सोडून संन्याशाला फाशी देतात, ते निदान चुकून देतात. तुमच्याकडे चोराला हार घालून बसवतात आणि संन्याशाला सांगतात, जा, आधी एक चोरी करून ये.” मागून कोणीतरी हसले. खिडकीवरची बाई हसली नाही. तिने फाइल हळूच पुढे सरकवली, जशी आजाऱ्याच्या पुढे औषधाची बाटली सरकवतात.

बसमध्ये ताईने खिडकीकडे तोंड केले आणि सगळा रस्ता तेच तेच मनात घोळवले. घरी पोचली ती बोलण्याने फुगून. रात्रीच्या जेवणाला तिने ते सगळे सांगितले, खिडकीवरच्या बाईचा आवाज काढून, पंख्याची दिशा दाखवून. तिला वाटले होते, आता धाकटाही ताटावर मूठ आपटील. धाकट्याने घास खाली ठेवला, थोडा विचार केला आणि विचारले, “महिन्याच्या आत म्हणाली?”

ताईला तेव्हा कळले की आपण घरात काय घेऊन आलो. ती अन्यायाची गोष्ट घेऊन आली होती आणि धाकट्याने त्यातली कृती तेवढी उचलली होती.

भावजय वाढता वाढता म्हणाली, “वन्सं, गोठ्याचे पत्रे गेल्या वादळात गेले ते अजून ताडपत्रीवर चाललंय. निम्मा चारा बुरसला. मी काही बोलत नाही. मी फक्त आठवण करते.” भावजयीची ही बोलण्याची रीत, ती कधीच काही बोलत नसे, फक्त आठवण करी.

“एकदाच, ताई,” धाकटा म्हणाला. “एक दिवस नांगर, एक फोटो. वर्षभरात गवत परत येतं.”

“गवत येतं. आणि गवतात बसलेत ते?”

“त्यांना पंख आहेत.”

“अंड्यांना आहेत का?”

त्यावर धाकट्याने जे सांगितले ते खोटे नव्हते. आपण चांगले म्हणून आपले छप्पर गळते, आणि तो नालायक म्हणून त्याच्या गोठ्यावर नवे पत्रे. चांगुलपणाची ताडपत्री किती दिवस पुरणार? जमीन दोघांच्या नावावर होती, अर्जावर दोघांच्या सह्या लागत, आणि आपण सही करणार नाही एवढे ताई म्हणाली आणि ताट घेऊन उठली.

पुढचे चार दिवस दोघे भावजयीमार्फत बोलले. त्यांना सांग, चहा ठेवलाय. तिला सांग, दिसला. भावजय म्हणाली, मला आता टपाल खात्यात नोकरी द्या. कोणी हसले नाही. आणि पाचव्या दिवशी सकाळी फाटकाशी कचेरीची जीप येऊन थांबली. धाकट्याने ताईला न विचारता अर्ज टाकून तपासनिसाला बोलावून घेतले होते. अंगणात ट्रॅक्टर उभा होता आणि त्याच्या मागे नांगर जोडलेला होता. ताईने नांगराकडे पाहिले. फाळ घासून पुसून लख्ख केला होता. आदल्या दिवशीची ठोकठोक त्याची होती तर.

तिला राग आला हे लिहिण्यात काही अर्थ नाही. राग तिला पाटीपासून आलेलाच होता. या वेळी तो पाठीतून वर चढला आणि कानांत जाऊन बसला. तपासनीस नमस्कार करून काय म्हणाला ते तिला ऐकूच आले नाही. तरुण मुलगा, स्वच्छ बूट, हातात शाळेच्या पाटीएवढे यंत्र. तो धाकट्याला समजावत होता: आधी पट्टीची रुंदी मोजू, मग तुम्ही नांगराचे दोनचार तास मारा, मी फोटो घेतो, मावशींची सही, की झालं.

ताई काही न बोलता घरात गेली आणि खुंटीवरचा दोर घेऊन आली. काखेत सोललेल्या काठ्यांचा भारा. धाकट्याने तो पाहिला आणि तोंड उघडले, पण मधे भावजय नव्हती, आणि चार दिवसांची सवय. तो ट्रॅक्टरकडे वळला.

“मोजायचंय ना?” ताईने तपासनिसाला विचारले. “हे टोक धरा.”

त्या बिचाऱ्याला वाटले, जुन्या लोकांची मोजायची दोरी असेल. यंत्र खांद्याला अडकवून त्याने टोक धरले. ताई दुसरे टोक घेऊन ओढ्याच्या बाजूला गेली, आणि म्हणाली, आता माझ्याबरोबर चला, सावकाश, दोर ताणू नका.

धाकटा ट्रॅक्टर घेऊन पट्टीच्या तोंडाशी आला आणि इंजिन चालू ठेवून बसून राहिला.

दहा पावलांवर पहिली उडाली. तपासनिसाच्या बुटाच्या हातभर पुढून, फर्र करून, आणि तो एवढा दचकला की दोर सुटला. ताईने जाऊन गवत दोन बोटांनी बाजूला केले. वाटीएवढा खळगा, त्यात चार ठिपकेदार अंडी. “हात लावू नका. ही घ्या काठी. एक पाऊल सोडून रोवा.” त्याने रोवली. आणखी चालले. दुसरी. मग बराच वेळ काही नाही, आणि मग एका ठिकाणी दोन, एकमेकींपासून चार हातांवर, जशा शेजारणी. तिथे एका घरट्यात पिल्ले होती, उघडी, गुलाबी, चोची वासलेली. दोराची सावली पडली तर त्यांना आईच आली असे वाटले. तपासनीस खाली बसला होता तो उठेचना. ताई म्हणाली, चला, अजून अर्धा काठ आहे.

पाचव्या काठीला धाकट्याने ट्रॅक्टर बंद केला. तो आवाज थांबल्यावर वर आभाळात नर गात होते ते ऐकू येऊ लागले. कुठून गातात ते दिसत नाही, नुसते वरून बरसते. असे गाणे देवाने या चिमुकल्या गळ्यात घातले आणि त्याची किंमत ठरवायचे काम मात्र कचेरीकडे गेले.

पट्टी संपली तेव्हा अकरा काठ्या उभ्या होत्या. तपासनिसाच्या मोज्यांना कुसळे चिकटली होती. त्याने घाम पुसला आणि धाकट्याला विचारले, तुम्ही सांगा, तास मारायचा का?

धाकटा बसल्या जागेवरून काठ्यांकडे बघत होता. “कुठून मारू?” तो म्हणाला. “नांगर आहे साहेब, शिवणाची सुई नाही.”

मग अर्ज बंद करावा लागेल, तपासनीस म्हणाला. त्याने यंत्रावर बोट फिरवले. बंद करायलाही कारण द्यावे लागते, आणि कारणे दोनच होती: ‘अर्जदाराची माघार’ किंवा ‘जमीन पडीक’. माघार लावली तर पाच वर्षे कुठल्याच योजनेत नाव घालता येत नाही, पत्र्यांच्या योजनेतही नाही. म्हणून तो म्हणाला, “मी पडीक लावतो, मावशी. तुमच्याच भल्यासाठी सांगतो.”

मुलगा चांगला होता. पण सकाळपासून कानात बसलेला राग आता तोंडाशी आला.

“पडीक?” ताई म्हणाली. “आत्ता अकरा घरांचे दरवाजे तू आपल्या हाताने उघडलेस. वळताना एका पिल्लावर तुझा पाय पडणार होता तो मी धरला. आणि ही जमीन पडीक? माझ्या बापाने हिच्यासाठी आयुष्यभर चाळीस पावलं पोटाला चिमटा घेतला. पलीकडे बघ. त्याने मोडलं, दोन वर्षं ओढ्यात माती सोडली, त्याला तुम्ही पाटी दिलीत. मी मोडलं नाही, मला म्हणता पडीक. मला तुमचे पैसे नकोत. पण माझ्या जमिनीला शिवी देऊन जायचं नाही.”

तपासनीस खाली बघत होता. तो म्हणाला, मावशी, यंत्रात दोनच आहेत, मी काय करू?

धाकटा ट्रॅक्टरवरून उतरला. उतरताना गुडघ्याच्या कळेने त्याचे तोंड वेडेवाकडे झाले. लंगडत तो दोघांच्या मधे येऊन उभा राहिला.

“पडीक लिहू नका,” तो म्हणाला.

“पण मग पाच वर्षं तुम्हाला—”

“ऐकलं मी. माघार लिहा.”

ताईने भावाकडे पाहिले नाही. पाहिले असते तर काय झाले असते ते तिला माहीत होते, आणि परक्यासमोर तिला ते नको होते. तपासनिसाने बोट टेकवले. मग जीपमधून कागदी प्रत आणली, कारण यंत्र कितीही शहाणे असले तरी सही कागदावरच लागते. धाकट्याने सही केली. ताईने कागद ट्रॅक्टरच्या चाकावर ठेवला आणि सहीच्या जागी आधी लिहिले: ‘माघार घेतलेली नाही. अकरा घरटी आहेत, म्हणून नांगरले नाही.’ आणि मग खाली, उरलेल्या चिंचोळ्या जागेत, सही.

इथे लिहायचं नसतं, तपासनीस म्हणाला.

“खोडायचं असेल तर साहेबांना म्हणावं इथे येऊन खोडा. दोर धरायला माणूस कमीच आहे.”

त्याने कागद घडी करून खिशात घातला. ते वाचले जाईल, कोणी तरी चौकशीला येईल, असे ताईला एक क्षणही वाटले नाही, आणि वाचणाऱ्यानेही वाटून घेऊ नये. महिनाअखेरीस यादी लागली. पलीकडच्या दोन नव्या काठांना मंजुरी मिळाली होती; दोन्ही नुकतेच नांगरलेले.

पण ते नंतरचे. जीप येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्याने नांगर सोडवून कापणीचे यंत्र जोडले. ताई कडेला उभी राहिली. गोठ्यावरची ताडपत्री वाऱ्याने फडफडत होती आणि भावजय पडवीतून कोणालाच उद्देशून नव्हे अशी म्हणाली की यंदा पाऊस लवकर आहे म्हणे. धाकटा एकेका काठीला वळसा घालत होता आणि प्रत्येक वळशाला गुडघ्याला, सरकारला आणि चंडोलांच्या पूर्वजांना एकाच वेळी शिव्या देत होता. कापलेली पट्टी न्हाव्याने अर्ध्यात सोडून दिलेल्या डोक्यासारखी दिसत होती.

सातव्या काठीशी तो थांबला.

“ही कोणी रोवली? वाकडी आहे. यंत्र वळत नाही.”

त्या रात्रीच्या जेवणानंतर पहिल्यांदाच तो थेट तिच्याशी बोलत होता.

“सरकारने रोवली,” ताई म्हणाली. “तू सरळ जाऊ नकोस म्हणजे झालं.”

त्याने यंत्र मागे घेतले, एक शिवी आणखी दिली, आणि वळसा घातला.